प्लेनर निअर-फील्ड: प्रोब करेक्शननंतर तिरक्या छेदात क्रॉस-पोल का चढतो?

पॅचवाला:
अँटेनासमोरच्या सपाट पृष्ठावर प्रोब (मोजणारी छोटी अँटेना) फिरवून तिचा दूरचा पॅटर्न काढतोय. अँटेना म्हणजे 10 गिगाहर्ट्झ, 300 मिमी बाजूचा चौकोनी पॅच अ‍ॅरे. प्रोब म्हणजे डब्ल्यूआर-90 वेव्हगाइडचं उघडं तोंड, अंतर 120 मिमी, स्कॅन 600 × 600, पायरी 12 मिमी. प्रोब 0 आणि 90 अंशांवर ठेवून दोन स्कॅन. मुख्य छेद (पॅटर्नचे 0 आणि 90 अंशांतले काप) सिम्युलेशनशी जुळतात, समोर क्रॉस-पोल (मुख्य ध्रुवणाला काटकोनातला, नको असलेला भाग) −35 डीबी. पण 45 अंशांच्या तिरक्या छेदात, थीटा (समोरच्या दिशेपासूनचा कोन) 40 पाशी, तो −19 होतो, अपेक्षित −30. 55 अंशांपुढे पॅटर्नही उसळतो. प्रोबचा पॅटर्न याघ्जियनच्या 1984 च्या सूत्रातून घेतलाय. दोन्ही स्कॅनचा स्पेक्ट्रम (दिशावार घटक) काढून त्याला प्रोबच्या को-पोलने (मुख्य ध्रुवणाच्या पॅटर्नने) भागतो.

तरंगलांबी:
शेवटचं वाक्यच चूक आहे. नुसतं भागणं मुख्य छेदांतच चालतं. तिरक्या छेदात प्रोबचा स्वतःचा क्रॉस-पोल असतो, कारण त्याचे ई आणि एच छेद (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राच्या प्रतलांतले) सारखे नसतात. थीटा 40 ला ई छेद साधारण 1.5 डीबी खाली, एच छेद 3.5, म्हणजे 0.84 आणि 0.67. फरक भागिले बेरीज करा: 0.17 / 1.51, म्हणजे −19 डीबी. तुम्हाला दिसतोय तो अ‍ॅरेचा नाही, प्रोबचा क्रॉस-पोल.

प्रत्येक केएक्स-केवायला (स्पेक्ट्रममधल्या प्रत्येक दिशेला) दोन समीकरणं मांडा. अज्ञात दोन: थीटा घटक आणि फाय घटक (फाय म्हणजे छेदाचा कोन; खालचे ई, एच म्हणजे प्रोबचे त्या दोन छेदांतले पॅटर्न). वाय दिशेच्या प्रोबची ओळ (ई साइन फाय, एच कॉस फाय), वळवलेल्याची (ई कॉस फाय, उणे एच साइन फाय). डिटरमिनंट उणे ई गुणिले एच येतो. या प्रोबला पुढच्या बाजूला नल (पॅटर्न शून्य होण्याची दिशा) नाही, त्यामुळे उत्तर फुगत नाही. उत्तर लुडविग-3 (को-पोल आणि क्रॉस-पोलची प्रचलित व्याख्या) मध्ये बदला, मगच क्रॉस-पोल वाचा.

आणि हो, प्रोब अ‍ॅरेकडे तोंड करून असतो. त्याच्या पॅटर्नचं टेबल त्याच्या स्वतःच्या अक्षांत वाचा, एक अक्ष आरशातला होतो. प्रोब सममित असेल तर ही चूक लपून राहते, म्हणून जास्त वाईट.

चेंबरमित्र:
55 पुढचं उसळणं करेक्शनचं नाही. स्कॅनमधून अँटेनाची बाजू वजा करून दुप्पट अंतराने भागा: (600 − 300) / (2 × 120) = 1.25, ही कोनाची टॅन्जंट, म्हणजे 51 अंशांपर्यंतच डेटा खरा. त्यापुढे स्कॅन कापल्याचा परिणाम आहे, आणि तिथे प्रोबचा पॅटर्न लहान असल्याने भागाकारात तोच मोठा होतो. 60 अंश हवे असतील तर स्कॅन 720 मिमी करा. प्रोब 90 मिमीवर आणला तर 59 मिळतात, पण अ‍ॅरे-प्रोबमधली परावर्तनं वाढतात. मग प्रोबचं अंतर 7.5 मिमीने (पाव तरंगलांबी) बदलून दुसरा स्कॅन घ्या, अंतराचा फेज काढून कॉम्प्लेक्स सरासरी करा.

याघ्जियनचं सूत्र फ्लँज (तोंडाभोवतीची सपाट कडा) नसलेल्या तोंडासाठी आहे. तोंडाशी फ्लँज असेल किंवा अ‍ॅब्सॉर्बरची कॉलर पुढे आली असेल, तर ते वापरू नका.

पॅचवाला:
त्या दोन समीकरणांचं मॅट्रिक्स घातलं. तिरक्या छेदात −29. 51 पुढचं कापून टाकलं. कॉलर तोंडापासून बरीच मागे आहे.

तरंगलांबी:
आता समोरच्या −35 कडे बघा. प्रोब 90 ला वळवताना 1 अंश चुकला तर 20 लॉग साइन 1, म्हणजे बरोब्बर −35. तो आकडा रोटेटरचाही असू शकतो. प्रोबवर लेव्हल लावून दोन्ही स्थिती तपासा.