अंतराळस्थानकात उंदीर: 'लायका, लायका' पुरे झालं

चक्रधर
परवाचा 'भारतीय अंतरिक्ष स्थानकात प्राणी नकोत' हा लेख वाचला. सार असं: लायका कुत्रीचा काळ संपला, आता चिपवर पेशींपासून अवयवांची छोटी नक्कल वाढवता येते, मग मुक्या जिवांना वर नेऊन मारायचं कशाला? खाली नुसता +१ चा पाऊस.

लायका १९५७ च्या नोव्हेंबरात गेली. तिला परत आणायची सोयच नव्हती आणि काही तासांतच ती उष्णतेनं मेली. तिचं नाव घेऊन आजच्या प्रयोगांवर झोड उठवणाऱ्यांनी आजचा पिंजरा कसा असतो ते एकदा बघावं. नासाच्या रोडंट हॅबिटॅटमध्ये दहा उंदीर राहतात. आत जाळी असते, कारण वजनरहित अवस्थेत पकडायला काहीतरी लागतं. पंखे हवा एकाच दिशेनं ओढतात, म्हणून लेंड्या आणि मूत्र तरंगत न बसता फिल्टरवर जातं. वास शोषायला सक्रिय कोळसा, अमोनिया धरायला फॉस्फोरिक आम्ल लावलेले तंतू. बारा तास उजेड, बारा तास अंधार. २०१४ च्या पहिल्या मोहिमेत नासाचे उंदीर ३७ दिवस राहिले आणि वजनात जमिनीवरच्या गटापेक्षा कमी पडले नाहीत.

चिपबद्दल एवढंच: चिपला मणका नसतो, अंतर्कर्ण नसतो आणि तिला पिल्लंही होत नाहीत.

हिरवा चाफा
वा, पंख्यांपासून कोळशापर्यंत सगळं आलं. ३७ दिवसांनंतर काय झालं ते मात्र सोयीस्करपणे राहिलं. ते उंदीर जिवंत परतलेच नाहीत. वरच इंजेक्शन देऊन मारले, यकृत आणि प्लीहा काढून घेतली, उरलेलं शरीर उणे ८० अंशांच्या फ्रीझरात. तेही लिहा की.

शिवाय त्याच मोहिमेतले लहान वयाचे उंदीर साधारण आठ-दहा दिवसांनंतर पिंजऱ्यात गोल गोल धावत सुटले होते. व्यायाम होता, खेळ होता की ताण, यावर वाद घाला हवा तेवढा. पण मग त्यांच्या हाडांत जो बदल दिसला तो वजनरहित अवस्थेचा की त्या धावण्याचा? प्रयोगातच गोंधळ आहे.

पेशीवाला
@हिरवा चाफा, वर मारले म्हणूनच ऊती उपयोगी पडल्या. जिवंत उतरवलेला उंदीर गुरुत्वाकर्षणात आला की काही तासांत त्याच्या जनुकांचं काम बदलायला लागतं. म्हणून तर २०२१ पासून काही वर्षं स्पेसएक्सचं मालवाहू ड्रॅगन यान फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ उतरवत होते. त्याआधी ते पॅसिफिकमध्ये उतरायचं आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत फार वेळ जायचा.

आणि उपयोग विचारताय म्हणून: २०११ च्या शेवटच्या शटलवर ३० उंदीर गेले. निम्म्यांना स्क्लेरोस्टिन या हाडांची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड दिलं होतं. त्याच जातीचं हाडांचं औषध २०१९ मध्ये बाजारात आलं.

हिरवा चाफा
हे नेहमीचं. २०११ मध्ये ते औषध माणसांवरच्या चाचण्यांत आधीच पोचलेलं होतं. उंदीर वर गेले नसते तरी ते आलंच असतं. आधी निकाल, मग उड्डाण, मग 'अंतराळामुळे औषध मिळालं' अशी बातमी!

गुरुत्वहीन
दोघंही मारण्यावर भांडताय. अंतराळात उंदीर मरतात ते बहुतेक खाण्याच्या यंत्रणेमुळे, आणि त्यावर इथे कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

स्थानकातला इटालियन पिंजरा माइस ड्रॉवर, २००९, ९१ दिवस, सहा उंदीर. तीन मेले: एकाला उड्डाणात मणक्याला इजा, एकाचं यकृत बिघडलं, एकाचं अन्न पोचवणारं यंत्र बंद. रशियाचा बायॉन-एम१ उपग्रह, २०१३, माणसाविना ३० दिवस: ४५ उंदरांपैकी १६ जगले, कारण पिंजऱ्यांच्या एका गटाचं अन्नच थांबलं. त्यातले जर्बिल (उंदरासारखे वाळवंटी प्राणी) तर आठच्या आठ मेले, उपकरणच बंद पडलं. तिथे शास्त्रज्ञाची क्रूरता नव्हती. मोटर अडकली.

चक्रधर
विषय तो नाही.

गुरुत्वहीन
विषय तोच आहे. पाळायचं ठरवलं की पहिला प्रश्न खाण्याचा. एक उंदीर दिवसाला चार-पाच ग्रॅम कोरडं खातो आणि साधारण तेवढंच पाणी पितो. दहा उंदीर, तीस दिवस: दीड किलो अन्न, दीड लिटर पाणी. वजन किरकोळ आहे, घोळ पोचवण्यात आहे.

नासाची पद्धत: दाबून केलेल्या वड्या पिंजऱ्याच्या भिंतीवरच्या पट्ट्यांना चिकटवतात. बुरशी धरू नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट, वर किरणांनी निर्जंतुक. मोटर नाही, म्हणून अडकायला काही नाही. तोटा असा की कुणी किती खाल्लं कळत नाही आणि वड्यांवर मूत्र उडतं. रशियन पद्धत ओलसर पेस्टची. अन्नातच पाणी, त्यामुळे वेगळी तोटी नको, पण पेस्ट ढकलायला यंत्र हवं आणि ते थांबलं की तहान-भूक दोन्ही एकदम. जपानची पद्धत कार्ट्रिजची, एका उंदराला एक घर, ठरावीक दिवसांनी अंतराळवीर कार्ट्रिज बदलतो.

तोटीचंही तसंच. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर उंदराला पाणी मिळत नाही. तोटी गळली तर पाणी खाली पडत नाही, गोळा होऊन नाकातोंडाला चिकटतं.

तिरकस
आणि चीनचं सोयादूध राहिलं! ३१ ऑक्टोबर २०२५ ला शेनझोऊ-२१ यानाबरोबर चार उंदीर चीनच्या तियानगाँग स्थानकावर गेले, मुक्काम आठवड्याच्या आतला. तेवढ्यात आधीच्या शेनझोऊ-२० यानाच्या खिडकीला तडा, परतीचं वेळापत्रक कोलमडलं, उंदरांचं अन्न संपत आलं. जमिनीवर इतर उंदरांवर चाखून बघून शेवटी अंतराळवीरांच्या शिध्यातलं सोयाबीनचं दूध पाण्याच्या वाटेनं आत सोडलं. १४ नोव्हेंबरला चौघंही जिवंत उतरले. पुढे एकीला पिल्लंही झाली.

यावरून सिद्ध काय होतं ते चक्रधर सांगतीलच.

चक्रधर
एवढंच सिद्ध होतं की माणूस तिथे होता म्हणून उंदीर वाचले. बायॉनमध्ये कुणी नव्हतं. म्हणजे स्थानकच योग्य जागा. माझा मुद्दा आयता मांडून दिल्याबद्दल आभार.

हिरवा चाफा
मग भारताच्या स्थानकाचं पहिलं मॉड्यूल माणसाविना जाणार आहे, तिथे काय? सोयादूध कोण सोडणार?

आणि खाणं-पिणं सुरळीत झालं तरी मूळ दुखणं राहतंच. नासाचे उंदीर बहुतेक माद्या, कारण एकत्र ठेवलेले नर एकमेकांना फोडून काढतात. स्थानकातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कित्येक पट. म्हणून जमिनीवर केनेडी स्पेस सेंटरमध्ये तशाच पिंजऱ्यात, तसल्याच हवेत तुलनेसाठी जोडगट ठेवावा लागतो. पण उड्डाणाचा धक्का, कंपन आणि वरचं किरणोत्सर्जन तिथे कुठून आणणार? यावर उत्तर एकच: वरच, शेजारी, फिरत्या चक्रात १जी मध्ये, म्हणजे पृथ्वीइतक्या गुरुत्वात, ठेवलेला गट. ते असेल तर बोला.

पेशीवाला
आहे की. स्थानकातल्या जपानच्या किबो प्रयोगशाळेत २०१६ मध्ये बारा नर गेले, सहा वजनरहित, सहा चक्रात, ३५ दिवस, बाराही जिवंत परत. एकेकाला वेगळं ठेवल्यामुळे नरही चालले.

गुरुत्वहीन
त्या चक्राची त्रिज्या १५ सेंटीमीटर आहे, मिनिटाला ७७ फेरे. पिंजऱ्याच्या तळाशी १जी. उंदरानं डोकं तीन सेंटीमीटर वर केलं की डोक्याशी ०.८. हा '१जी' कोणत्या अर्थानं?

पेशीवाला
शून्यापेक्षा ०.८ कितीतरी बरं, या अर्थानं. स्नायूंच्या बाबतीत तो गट जमिनीवरच्यांच्या जवळ राहिला. आदर्श चक्राची वाट बघत बसलात तर अडीच मीटर व्यासाच्या चक्राचं सेंट्रिफ्यूज मॉड्यूल २००५ मध्ये रद्द झालंय, त्याचा सांगाडा जपानमध्ये त्सुकुबात उघड्यावर प्रदर्शनाला ठेवलाय. जाऊन बघा.

हिरवा चाफा
ठीक. चक्र असेल, एकेकाला वेगळं घर असेल आणि ऊती दहा प्रयोगशाळांत वाटल्या जाणार असतील, तर माझा विरोध थोडा कमी. थोडा. 'आम्हीपण उंदीर नेले' म्हणण्यासाठी न्यायचे असतील तर नाही. गगनयानासाठी धारवाडच्या कृषी विद्यापीठात फळमाश्यांचा संच बनलाय ना? आधी त्या माश्या नीट जगवून, नीट परत आणून दाखवा.

चक्रधर
चला, माश्यांपर्यंत तरी आलात. मूळ लेखात 'प्राणी नकोत' होतं. माशी कशात मोडते तेवढं त्या लेखकाला विचारून या.

तिरकस
आणि येताना सोयादूध घेऊन या.