मदत हवी आहे: कॉकाटीलची (तुरेवाल्या छोट्या पोपटाची) मादी अंडी घालायचं थांबत नाही

मादी, वय 3 वर्षं, वजन 92 ग्रॅम, जोडीला नर नाही. दोन महिन्यांत ही दुसरी खेप, एक दिवसाआड एक करत 5 अंडी झाली. शेवटच्याचं कवच इतकं मऊ की बोट टेकवलं तरी खळगा पडतो, म्हणजे कॅल्शियम कमी पडतंय. आता अंडं पोटातच अडकायची भीती वाटते.

अंडी उचललेली नाहीत, कारण उचलली की भरपाईला ती आणखी घालते. 21 दिवस तिलाच उबवू देणार. अंडी घालणं थांबावं म्हणून आरसा काढला, पाठीवरून हात फिरवणं बंद, संध्याकाळी 6 पासून 13 तास अंधार. राळा, बाजरी, शेवग्याचा पाला चालू, सूर्यफुलाच्या बिया बंद. कटलफिश बोनला (कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात लावतात ते समुद्री जीवाचं पांढरं कवच) चोच लावत नाही. ते किसून, भिजवलेल्या धान्यावर भुरभुरलं तर दाणे खाते आणि पांढरी भुकटी वाटीच्या तळाशी तशीच राहते.

पातळ कॅल्शियम पाण्यातून द्यावं की थेंबाने चोचीत? एवढ्या वजनाला डॉक्टरांनी तुम्हाला किती प्रमाण दिलं होतं? सकाळचं ऊन काचेआडून नाही, थेट मिळतं, तरी व्हिटॅमिन डी3 असलेलंच कॅल्शियम घ्यावं का? आणि पुण्यात पक्ष्यांना अंडी थांबवायला हार्मोनचं इंजेक्शन देणारे पशुवैद्य कोणाला माहीत आहेत का? शेपूट वरखाली हलताना किंवा पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली, तर उत्तरांची वाट न बघता लगेच नेणार आहे.