इन्व्हर्जन टेबल घ्यावं का? (एल-४ एल-५, बीपीची गोळी, चश्मा मायनस ७)

कोरांटी:
नवऱ्यासाठी विचारतेय. वय ४८, उंची ५ फूट ८ इंच, वजन ८१ किलो. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी बाहेर आलेली दिसते, डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. बीपीला टेल्मिसार्टन ४० चालू, १३४/८४ च्या आसपास असतं. चश्मा मायनस ७. ऑपरेशनची घाई नाही असं ऑर्थोपेडिकने सांगितलंय, फिजिओ चालू आहे. आता एक सेकंडहँड इन्व्हर्जन टेबल (घोटे अडकवून डोकं खाली करत कलायचं टेबल) स्वस्तात मिळतंय. विकणारा म्हणतो, उलटं लटकलं की मणके मोकळे होतात. पैसे देण्याआधी काय काय तपासावं? जाणकारांनी सांगावं.

कणाबाणा:
मणके मोकळे होतात हे खोटं नाही, पण तेवढ्या वेळापुरतंच. सरळ उभं राहिलं की वरचा भार पुन्हा त्याच गादीवर येतो. २०१२ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या डॉक्टरांची एक चाचणी छापून आली होती. एकच गादी सरकलेले, ऑपरेशनच्या यादीत असलेले रुग्ण होते. फिजिओबरोबर टेबलही वापरलेल्या १३ पैकी १० जणांचं ऑपरेशन टळलं, नुसत्या फिजिओवाल्यांत फक्त २२ टक्क्यांचं. आकडा छान आहे, पण माणसं इतकी थोडी की त्यावर छातीठोक काही बोलू नये. आणि नस मोकळी करायचा हा उपाय गादीसाठी आहे. मणक्यांतला कालवाच अरुंद झाला असेल, मणका पुढे घसरला असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा पाठीत स्क्रू-पट्ट्या असतील तर टेबलाचं नाव काढू नका.

आता कोनाचं गणित, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. लोकांना पूर्ण उलटं व्हायचं असतं. आडव्यापासून ३० अंश कललं की पूर्ण उलट्याच्या (९० अंश) निम्मी ओढ मिळते, ४५ ला ७० टक्के, ६० ला ८७ टक्के. (पाठ टेबलावर घासते म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी.) म्हणजे ६० पासून ९० पर्यंत जाऊन हाती लागतात फक्त १३ टक्के, आणि त्या बदल्यात पाठीचा आधार जातो, सगळा भार घोट्यांवर येतो आणि स्वतःहून वर येणं अवघड होतं. ६० च्या पुढे घरी कुणीच जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

बीपीचंही असंच. रक्ताच्या दर १३ सेंमी उंचीला साधारण १० मिमी पारा दाब. हृदयापासून डोळा ३० सेंमीवर धरला तर उभ्या माणसाच्या डोळ्याशी दाब दंडापेक्षा २३ ने कमी असतो, पूर्ण उलटं झाल्यावर २३ ने जास्त. म्हणजे दंडावरचे १३४ उभ्याने डोक्यात १११ आणि उलट्याने १५७, तेही दंडावरचा आकडा तसाच राहिला तर. २० अंशाला हीच वाढ जेमतेम ८. गोळीने बीपी ताब्यात असेल तर फिजिशियनला हे आकडे दाखवून विचारा. नुसतं 'व्यायाम करू का' विचारलंत तर 'करा' असंच उत्तर मिळेल.

पूर्वी अर्धांगाचा झटका किंवा हृदयविकार, वॉरफरीन-क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी, गरोदरपण, हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं), कानाचा संसर्ग, चक्करेचा आजार: यांतलं काहीही असेल तर नाही म्हणजे नाही.

बुबुळ:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण मला काळजी बीपीपेक्षा त्या मायनस ७ ची वाटते.

डोळ्यातला दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिमी पारा. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी शीर्षासन करणाऱ्या ७५ जणांचा दाब आसनातच मोजला होता (२००६ साली छापून आलं). तो जवळजवळ दुप्पट झाला. खाली आल्यावर तो उतरतो आणि डोळ्याची निरोगी नस तेवढं सोसते. काचबिंदू असेल तर नसेला प्रत्येक वेळचा ताण भोवतो. गंमत अशी की काचबिंदू बहुधा दुखत नाही, टोचत नाही, समोरचं स्पष्ट दिसत राहतं. 'डोळ्याला काही त्रास नाही' हे म्हणून काहीच सिद्ध होत नाही. मोठ्या मायनस नंबरवाल्यांत काचबिंदूही जास्त आढळतो आणि डोळ्याच्या आतला पडदाही ताणून पातळ झालेला असतो.

चश्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे तपासणी नव्हे. नेत्रतज्ज्ञाकडे तीन गोष्टी मागा: डोळ्याचा दाब, नसेची तपासणी, आणि बाहुली मोठी करून पडद्याच्या कडेपर्यंत पाहणी. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवत जाऊ नका. पडद्याला भोक किंवा पातळ पट्टा सापडला तर टेबलाचा विषय तिथेच मिटला. मधुमेह असेल तर हीच तपासणी अधिक निकडीची. उलटं असताना किंवा नंतर वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले, पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पानाहातोडी:
सेकंडहँड टेबल बघायला जाल तेव्हा रिकामं टेबल फिरवून घेऊ नका, त्यात काहीच कळत नाही. घोट्याची पकड लावून जोरात मागेपुढे हलवा. खिटी भोकात पूर्ण बसते का, स्प्रिंग तिला आत ढकलते का, फोम दबून पातळ झालाय का ते पाहा. दोन्ही बाजूंच्या कड्या, ज्यांवर टेबल फिरतं, त्या झिजून भोक लांबट झालं असेल तर सोडून द्या. कोन रोखणारा पट्टा उसवलेला असेल तर नवा मिळेपर्यंत वापर बंद. वजनाची मर्यादा फ्रेमवर छापलेली असते, तिच्या बऱ्याच आत राहा.

उंचीचं भोक (आपल्या उंचीप्रमाणे टेबलाचा दांडा ज्या भोकात अडकवतात ते) हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. हात छातीवर घडी केले की पायांकडची बाजू थोडीच उचलली जावी, हात डोक्यावर नेले की टेबल सावकाश कलावं. एकदम झोकांडी जाते? दांडा एक भोक लांब करा. हात वर नेऊनही हलत नाही? एक भोक आखूड. एकाच उंचीच्या दोघांनाही भोक वेगळं लागू शकतं, कारण वजन कुणाचं पोटात, कुणाचं मांड्यांत. घरात दुसऱ्या कुणी वापरलं की परत स्वतःचं भोक लावायचं. नाडीचे बूट घाला, अनवाणी किंवा सँडलवर नाही. पकड घोट्याच्या हाडाच्या वर, घट्ट.

दोरवाला:
योगवर्गाच्या बाजूने थोडी भर. अय्यंगार पद्धतीत भिंतीवरच्या दोरांना उलटं होतात, त्यात भार जांघांवर येतो, घोटे-गुडघे ओढले जात नाहीत. गुडघ्याचे सांधे सैल असलेल्यांना ते टेबलापेक्षा बरं. शीर्षासन मात्र कंबरेसाठी पर्याय समजू नका, तिथे मान वजन झेलते. आणि डोळा व बीपीची अट सगळीकडे तीच, दोर असो की टेबल.

कोरांटी:
सर्वांचे आभार. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतली. सगळं ठीक निघालं तर सुरुवात किती मिनिटांनी करायची? आणि काय झालं की थांबायचं?

कणाबाणा:
पहिला आठवडा २० अंश, १ मिनिट, दिवसातून दोनदा. पट्टा त्या कोनाला बांधूनच. दुसऱ्या आठवड्यात ३० अंश, २ मिनिटं. पुढे आठवड्याला १० अंश, तेही आधीचं सहज जमत असेल तरच. जेवणानंतर दोन तास नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या नाही, कारण रात्रभर गादी पाणी शोषून फुगलेली असते. वर येताना आडवं होऊन १-२ मिनिटं थांबायचं, नाहीतर चक्कर येते आणि कंबरेचे स्नायू आवळतात. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांना तर चक्करेचा धोका जास्त.

कळ पोटरीतून मांडीकडे, मांडीतून कंबरेकडे सरकत असेल तर चांगलं लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरी. कळ पायात आणखी खाली उतरली तर बंद. लघवी अडणं, जांघेत-बसायच्या जागी बधिरपणा, पंजा उचलता न येणं: यातलं काही झालं तर टेबलाचा विचार नको, थेट इमर्जन्सी.

घरात दुसरं माणूस असताना करा. मोबाइल खिशात नको, तो पहिल्यांदा पडतो. हाताशी जमिनीवर ठेवा.