विषय: तातडीचं – कोथरूडच्या घराचे पत्रे उडाले

काल संध्याकाळच्या वळवात वरच्या मजल्याचे चार पत्रे उडाले. दोन मागच्या बोळात पडले, दोन लटकताहेत. भाडेकरूंचं बाळ सात महिन्यांचं, रात्रभर तिघं जिन्यात बसून होते. इथे परदेशात बसून हे ऐकल्यापासून मला चैन नाही. दादांच्या शेडचं काम केलेल्या फॅब्रिकेटरचा नंबर कुणाकडे आहे का? आमचा नेहमीचा माणूस ३८,००० सांगतोय, निम्मे आधी. भाडेकरू म्हणतो, मी भरतो, भाड्यातून वळते करा. करू द्यावं का?
– ताई

---

ताई, पैशाचं नंतर. आधी तो बोळ बंद करायला सांगा, लटकता पत्रा पुढच्या वाऱ्यात सुटला तर खाली माणूस असेल. वरच्या मजल्याचा मेन स्विच बंद. अंधारात कुणालाही वर चढवू नका. पत्रे हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, विमा असेल तर तेच पहिलं मागतात. आणि ताडपत्रीवर विटा ठेवू नका, कडा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या दांड्याला) दोरीनं आवळून बांधा. नवे पत्रे बसवताना कडेला आणि कोपऱ्यात जे-हुक (पत्रा दांड्याला पकडणारे वाकडे बोल्ट) जवळजवळ घ्यायला लावा. वारा पत्रा वर ओढतो तो तिथूनच.
– अप्पा

---

विटांबद्दल अप्पा म्हणतात ते खरं आहे. सदाशिव पेठेतल्या वाड्यावर आमच्या सासऱ्यांनी ताडपत्रीवर विटा ठेवल्या होत्या. पहाटे एक घसरली ती थेट अंगणात, मी नळावर होते तिथून हातभर अंतरावर. अजून अंगावर काटा येतो.
– माई

---

ताई, वळते करण्याआधी करार काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: दुरुस्ती मालकाची. मालकानं टाळली तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. तुमचं २२,००० महिना म्हणजे ६६,०००. मात्र तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असणार, तिथे करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते आधी बघायचं. आणि तुम्ही कुठे टाळताय? तुम्हीच पैसे पाठवा, पावती तुमच्या नावानं घ्या.
– नाना

---

ही ईमेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, हे मागच्या बैठकीत ठरलं होतं. पण बाळाचं वाचून थांबवत नाही. नाना, एक राहिलं. मालक परदेशात असला की भाडेकरूनं भाड्यातून आयकर (टीडीएस) कापायचा असतो, तो पूर्ण भाड्यावर. वळते करून उरलेल्यावर कापला तर पुढे दोघांनाही त्रास. शिवाय भाड्याच्या उत्पन्नात दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खऱ्या बिलाची वेगळी नाही.
– सचिव

---

सचिव, टीडीएस मी गेल्या गणपतीतच सविस्तर लिहिला होता.
– नाना

---

बोळ बंद केला, मेन स्विचही. भाडेकरूंना दोन रात्री माझ्या मावसबहिणीकडे डहाणूकर कॉलनीत पाठवलंय. आगाऊ रक्कम मीच आता पाठवते, भाड्याला हात लावत नाही. विमा आहे, पण पॉलिसी कपाटात, कपाट पुण्यात. अप्पा, तुमचे धाकटे बंधू अजून कर्वे रोडला असतात ना? उद्या सकाळी नऊला फॅब्रिकेटर येतोय, हुक मोजायला कुणीतरी खाली उभं हवं.
– ताई