वॉशिंग रॅम्पच्या खड्ड्याजवळ गॅसवर पाणी तापवणारे प्रेशर वॉशर बसवावे काय?

प्रश्न : रॅम्पवाला, मिरज

आमचे मिरजेजवळ ट्रॅक्टर व मालवाहू गाड्या धुण्याचे आणि सर्व्हिसिंगचे केंद्र आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चेसिसवर ग्रीस आणि मातीचा जो थर चढतो, तो थंड पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही, म्हणून मी एका कारखान्यातून निघालेले, गॅसच्या बर्नरवर पाणी तापवणारे प्रेशर वॉशर विकत घेतले. यंत्र मिनिटाला १५ लिटर पाणी आणि १५० बार दाब देते. मोटार थ्री फेज आहे. शेड तीन बाजूंनी भिंतींनी बंद आणि वर पत्रा असलेली आहे. बसवणाऱ्या कारागिराने यंत्र आतल्या कोपऱ्यात, रॅम्पच्या पाच फूट खोल खड्ड्यापासून चार पावलांवर ठेवले आणि १९ किलोचे चार व्यावसायिक सिलिंडर त्याच्या बाजूलाच उभे केले.

अडचण अशी की ज्योत पिवळी दिसते, धुराड्याच्या तोंडाशी काजळी धरते, आणि पाऊण तास काम झाले की सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागावर पांढरे दहिवर जमून बर्नर मंद पडतो. कारागीर म्हणतो की रेग्युलेटर थोडा वाढवला की काम होईल. तसे करावे काय?

उत्तर : गॅस फिटर, पिंपरी

रेग्युलेटरला हात लावू नका, आणि यंत्र आज ज्या जागी आहे तेथे ते पुन्हा पेटवू नका. जागेबद्दल आधी लिहितो, कारण ज्योत दुरुस्त करता येते, पण खड्ड्यात साठलेला गॅस दिसत नाही.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली की तो वर जाऊन पत्र्याच्या फटीतून निघून जात नाही. पाण्यासारखा जमिनीलगत वाहतो आणि सर्वांत खोल जागा गाठतो. आपल्याकडे ती जागा म्हणजे तुमचा खड्डा आणि त्यातून निघणारे गटार. हवेत गॅसचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले तरी ठिणगी मिळताच तो भडकतो, आणि ठिणगीसाठी तुमच्याच यंत्राचा पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, चार पावलांवर जळत असतो. खड्ड्यात माणूस हँडलॅम्प घेऊन उतरलेला असेल तर काय होईल हे मी लिहायला नको. भिंतीत खाली झरोके ठेवणे आवश्यकच आहे, परंतु झरोका जमिनीच्या पातळीवर आणि खड्डा त्याच्या पाच फूट खाली असल्यामुळे त्याने खड्डा रिकामा होत नाही. यंत्र शेडबाहेर, सिमेंटच्या उंच ओट्यावर, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा ठिकाणी न्या आणि फक्त उच्च दाबाची होज आत आणा. सिलिंडरही बाहेरच, उभे, सावलीत, गटार व खड्ड्यापासून दूर असावेत. किती दूर ते आय.एस. ६०४४ भाग १ या भारतीय मानकात सिलिंडरच्या संख्येनुसार दिलेले आहे, आणि गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून ते मोजून घ्यावे.

आता दहिवराविषयी. ताशी ९०० लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांवर न्यायचे तर ४९,५०० किलोकॅलरी उष्णता पाण्यात गेली पाहिजे. एक किलो एलपीजी सुमारे ११,००० किलोकॅलरी देतो आणि त्यातली पंधरा टक्के धुराड्यातून जाते असे धरले, तर ताशी सव्वापाच किलो गॅस लागतो. १९ किलोचा सिलिंडर आपोआप वाफ होऊन सतत देतो तो ताशी साधारण अर्धा ते एक किलो, तोही हवामान उबदार असताना. चार सिलिंडरकडून सव्वापाच किलोची अपेक्षा केली की आतला द्रव स्वतःच थंड होत जातो, दाब पडतो आणि बाहेर दहिवर धरते. त्यावर गरम पाणी ओतणारे किंवा खाली शेगडी लावणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका.

मात्र पिवळी ज्योत एवढ्याने समजत नाही. यंत्राच्या धातूच्या पट्टीवर गॅसचा प्रकार व दाब लिहिलेला असतो. तो वाचून कृपया येथे कळवावा.

रॅम्पवाला, मिरज

पट्टीवरचे ऑइल पुसून वाचले. त्यावर नैसर्गिक गॅस आणि २० मिलिबार असे लिहिले आहे. ज्या कारखान्यातून यंत्र आणले तेथे पाइपचा गॅस होता, हे आज फोनवर विचारल्यावर कळले.

गॅस फिटर, पिंपरी

मग तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. नैसर्गिक गॅसमध्ये त्याच आकारमानात एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते, म्हणून त्या बर्नरच्या जेटची, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोंडाची, छिद्रे मोठी असतात. त्याच छिद्रांतून, त्याच दाबाने एलपीजी सोडला की बर्नरला ठरलेल्या उष्णतेच्या दीडपटीहून अधिक उष्णता मिळते, आणि दाब २० ऐवजी ३० मिलिबारच्या आसपास असेल तर ती दुपटीकडे जाते. हवा मात्र तेवढीच येते. परिणामी ज्योत पिवळी होते, कॉइलवर (पाणी तापवणाऱ्या वेटोळ्या नळीवर) काजळी बसते, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि सिलिंडरमधून गॅस वाजवीपेक्षा वेगाने ओढला जाऊन दहिवर लवकर धरते.

यावर उपाय म्हणजे त्या मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेला एलपीजीचा संच: बर्नरचे जेट, पायलटचे जेट आणि गॅस व्हॉल्व्हचा भाग. जेट झाळून पुन्हा ड्रिल मारणारे भेटतील, त्यांना यंत्र देऊ नका. संच बसला की पट्टीवर नव्या गॅसची नोंद करून घ्या, म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही. त्यानंतर दाब यू-आकाराच्या पाण्याच्या नळीने, बर्नर पूर्ण जळत असताना मोजावा. एक मिलिबार म्हणजे सुमारे १० मिलिमीटर पाणी. बंद बर्नरवर मोजलेला दाब नेहमी चांगलाच दिसतो. समायोजन त्या आकड्यावरून करायचे, ज्योतीच्या रंगाकडे पाहून नाही. प्रत्येक जॉइंट साबणाच्या फेसाने तपासा.

सिलिंडर वाढवायचे मनात असेल तर एवढे लक्षात घ्या की १०० किलोपेक्षा अधिक साठ्याला पेसोचा (केंद्र सरकारच्या स्फोटके व पेट्रोलियम सुरक्षा संस्थेचा) परवाना लागतो, म्हणजे पाच सिलिंडरनंतर प्रश्न येतो. त्यापेक्षा थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवून पाहा. गरज ताशी साडेतीन किलोंच्या आत येते आणि गाडीवरचे ग्रीस त्यानेही सुटते.

उत्तर : पंप मेकॅनिक, इचलकरंजी

गॅसविषयी वर जे लिहिले आहे ते सर्व मान्य. पाण्याच्या बाजूचे थोडे सांगतो.

जुने यंत्र आले की मालक पहिल्याच दिवशी अनलोडर (पंपाचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) पिळतो, कारण दाबाच्या घड्याळात १५० ऐवजी १२० बार दिसतात. बहुतेक वेळा दोष नोझलचा असतो. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि बारीक वाळू असल्यामुळे नोझलचे छिद्र झिजते, आणि दाब उतरतो. आधी नवे नोझल लावा. मग अनलोडर पूर्ण सैल करून, गन दाबून धरून, पाव-पाव फेऱ्याने आवळा. दाब वाढायचा थांबला की आणखी आवळू नका. गन सोडल्यावर काटा क्षणभर उडतो, तो कामाच्या दाबापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा वर जाता कामा नये. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला प्लग मारलेली यंत्रे माझ्याकडे येतात. त्या कॉइलमध्ये कोंडलेले पाणी शंभर अंशांच्या वर गेले तर दाब सुटताच त्याची एकदम वाफ होते, याची त्यांना कल्पना नसते.

सर्वांत महत्त्वाची चाचणी दहा सेकंदांची आहे: बर्नर जळत असताना गन सोडा. काही सेकंदांत बर्नर विझला पाहिजे. विझला नाही तर फ्लो स्विच (पाणी थांबताच बर्नर बंद करणारा स्विच) अडकला आहे आणि यंत्र वापरण्यायोग्य नाही. काम संपल्यावर आधी गॅस बंद करून, गनमधून गार पाणी येईपर्यंत दोन-तीन मिनिटे चालवा आणि मगच मोटार बंद करा. होज गरम पाण्यासाठी बनवलेलीच हवी. वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग घ्या, कारण गन धरणारा माणूस दिवसभर ओला उभा असतो. फवारा बोटात घुसला आणि टाचणीएवढाच व्रण दिसला, तरी त्याच तासाला रुग्णालय गाठा; आतली इजा वरून दिसत नाही.

उत्तर : दूध संकलन केंद्र, फलटण तालुका

धुराड्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी पूर्वी ज्या केंद्रात काम करीत होतो तेथे कॅन धुण्यासाठी असेच यंत्र होते. पावसाचे पाणी कॉइलवर पडते म्हणून कोणीतरी धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा ठेवला होता आणि त्यावर वीट. डिसेंबरात पहाटे थंडीमुळे आम्ही शटर अर्धे ओढून काम करीत होतो. कसलाही वास नव्हता. माझे डोके ठणकू लागले, आणि माझा सहकारी कॅनचे झाकण लावता लावता खाली बसला; त्याला बोटांनी झाकण फिरवता येईना. शटर उघडून त्याला बाहेर नेले म्हणून तो वाचला. डॉक्टरांनी सांगितले की कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो.

ताशी पाच किलो एलपीजी जाळायला साठ घनमीटरांहून अधिक हवा लागते, म्हणजे दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा दोन खोल्यांपेक्षा जास्त. पावसासाठी उत्पादकाची टोपीच वापरा, आणि यंत्र ज्या छताखाली असेल त्या छताच्या वर धूर काढा.

रॅम्पवाला, मिरज

सर्वांचे मनापासून आभार. शेडच्या पश्चिमेला ओटा बांधायला काढला आहे आणि सिलिंडर आजच बाहेर नेले. संच मिळेपर्यंत यंत्र गार पाण्यावर चालेल. गॅसची नळी काढून टोकाला कॅप लावली आहे. खड्ड्यात उतरणाऱ्या दोन्ही मुलांना गॅसचा वास आला तर काय करायचे ते समोर उभे राहून सांगितले: दिवा लावायचा नाही, चालू असेल तर विझवायचाही नाही, वर यायचे, शक्य असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करायचा. संच बसल्यावर पाण्याच्या नळीवरचा आकडा येथे लिहीन.