ख्याल, सिम्फनी आणि मेटल: तिघांना चालेल अशी एकच जोडी?

काळी_चार:
नमस्कार मंडळी. घरात स्पीकरची जोडी एकच राहणार आहे आणि ऐकणारे तिघं तीन तऱ्हेचे. मी ख्याल ऐकते (गातेही; काळी चार ही माझी पट्टी, आयडीवरून कळलंच असेल). नवऱ्याला सिम्फनी लागते. मुलगी सोळा वर्षांची, तिचं मेटल. दुकानात पहिला प्रश्न आला, "म्युझिक कुठल्या टाइपचं?" तिन्ही सांगितल्यावर त्या भल्या माणसाने तीन वेगवेगळे डबे पुढे मांडले.

सध्या पाच इंची वूफरचे (खालचे सूर काढणारा पडदा) छोटे स्पीकर आहेत, पुस्तकांच्या कपाटात दाबून बसवलेले. पाठीला हवेचं भोक आहे. खोली ४ मीटर बाय ३ मीटर, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. डग्ग्यावर मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, आली की मधेच एका जागी भोपळ्यासारखी फुगते आणि पुन्हा बसते. लेक म्हणते, बेस गिटारचा एकच सूर घरभर घुमतो, बाकीचे रजेवर. नवऱ्याच्या मते सगळी व्हायोलिनं एकाच खुर्चीत बसलीत.

खरंच प्रत्येक संगीताला वेगळा स्पीकर लागतो का?

वायरमन:
आधी दोन्हींच्या मागे लाल-काळी वायर सारखीच लागलीय का बघा. एकीकडे उलटी असेल तर बेस पातळ होतो आणि गायक मधे उभा राहायचं सोडून खोलीभर विरघळतो. फुकटात होणारी तपासणी आहे.

डग्गा:
ताई, नाही लागत. मी तबला वाजवतो. रोज तीन-चार तास खऱ्या डग्ग्यापासून हातभर अंतरावर कान असतो, आणि घरी आल्यावर मेटल ऐकतो. तेव्हा तुमच्या घरातले दोघं माझ्या एकट्यातच आहेत.

पहिली जोडी मी "व्होकलला गोड" म्हणून घेतली. गोडवा कुठून आला होता? वरच्या पट्टीचा आवाजच कापलेला. गायिका मऊ लागायची खरी, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणझण, गेली; घोडीवरचा दोरा कुणी काढून घेतल्यासारखी नुसती टणटण. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) "ना" म्हणजे लाकडी पेटीवर टिचकी. विकली. दुसरी घेतली "रॉकवाली". दुकानात पाच मिनिटांत भुललो, झांजा काय चमकत होत्या! तीन आठवड्यांनी लक्षात आलं की दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच माझा हात आवाज कमी करायला जातोय. आणि सगळ्यात वाईट लागायचं ते मेटलच. त्या रेकॉर्डिंगमध्ये आधीच सगळं ठासून भरलेलं असतं, त्यावर ही वरून झिलई.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले होते. नाव, किंमत, आकार काही दिसत नसलं की बहुतेकांची पसंती एकाच जातीच्या स्पीकरकडे जायची: समोरून आवाज सपाट, म्हणजे कुठलाही सूर न फुगवणारा, आणि बाजूला जाणारा आवाजही तितकाच सरळ चालीचा. स्पीकरला राग कळत नाही आणि गिटारची रिफही कळत नाही.

फरक पडतो तो किती खाली जातो आणि किती मोठ्याने गाऊ शकतो, यात. तुमचा षड्ज काळी चारचा, म्हणजे तुमच्या तानपुऱ्याचा खर्ज (सर्वात खालचा सूर) १०४ हर्ट्झ. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा धरला तरी ६९. पाच इंची वूफर तिथवर आरामात जातो. बेस गिटारची जाड तार मोकळी छेडली की ४१, मेटलवाले ती सैल करून आणखी खाली नेतात. सिम्फनीतला कॉन्ट्राबासही साधारण तिथेच वावरतो. छोट्या स्पीकरवर हे सूर अगदीच गायब वाटत नाहीत, कारण वरच्या स्वरांशांवरून कान मूळ सूर स्वतःच भरून काढतो. पण छातीला जाणवायचं ते राहून जातं.

जोराचा हिशोब तर लोक उलटाच करतात. अँपचा (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या अँप्लिफायरचा) खरा कस मेटल नाही, सिम्फनी काढते. मेटल सतत एका उंचीवर असतं. सिम्फनीत बासरी कुजबुजत असते आणि पुढच्या पानावर सगळे तुटून पडतात. स्पीकर एका वॅटला, एका मीटरवर ८५ डेसिबल देत असेल तर ९५ ला दहा वॅट आणि १०५ ला शंभर वॅट लागतात. तोच ९१ चा घेतला तर वॅट चौथाईवर येतात. तेव्हा अँपचे वॅट बघायच्या आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला तो किती डेसिबल देतो ते, बघा.

आता तुमचा भोपळा. तो स्पीकरपेक्षा खोलीचा आहे. ३४३ ला (आवाजाचा वेग, मीटर दर सेकंदाला) खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. ४ मीटरला ४३ हर्ट्झ येतात, ३ मीटरला ५७. त्या सुराला लाट दोन भिंतींत चपखल अडकते. मग याच आकड्यांच्या दुप्पट, तिप्पट. डग्ग्यावर मनगट सरकतं तशी मींड यांच्यातल्या एखाद्यावरून जाते आणि फुगते. दाब भिंतीपाशी सर्वात जास्त, आणि तुमचं डोकं नेमकं तिथे. वर मागचं भोक कपाटाच्या पाठीवर फुंकतंय!

स्पीकर कपाटातून काढा, स्टँडवर ठेवा, ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला, मागे निदान अर्धा मीटर मोकळा. तुम्ही आणि ते दोघं मिळून समभुज त्रिकोण व्हावा. सोफा पुढे ओढा. तरी घुमलं तर भोकात मोजा कोंबून बघा. थट्टा नाही. काही कंपन्या यासाठी फोमचं बूच देतात, मोज्याचं काम तेच.

नवीन घ्यायला जाल तेव्हा फक्त तानपुऱ्याचं एक मिनिट आधी लावा. जवारी मोकळी लागली पाहिजे, पण किरकिरायला नको. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, थोडा मोठा असलेला नेहमीच चांगला वाटतो. शक्य असेल तर एकेकटा स्पीकर ऐका. जोडीत पुष्कळ दोष लपतात.

भोंगा:
डग्गाभाऊ, सपाट-सपाट करत लोक जीव काढून घेतात. पॉल क्लिप्शने १९४० च्या दशकात कोपऱ्यात बसणारा भोंग्याच्या तोंडाचा स्पीकर केला, त्या जातीच्या स्पीकरवर ड्रमचा तडाखा ऐका. एक-दोन वॅटमध्ये घर हलतं. लेकीचं मत घेऊन बघा!

डग्गा:
तडाख्याबद्दल वाद नाही, मीही त्याच्यावर जीव टाकतो. पण तो पठ्ठ्या कपाटाएवढा असतो. ४ बाय ३ मध्ये तो बसला तर ही माणसं कुठे बसतील?

उलट टोक हवं तर बीबीसीचा एलएस३/५ए. सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रसारणाच्या गाडीत बसावा म्हणून केलेला, जेमतेम फूटभर उंचीचा. माणसाचा आवाज ऐकावा तर त्याच्यावर. लेकीने मेटल लावलं की मात्र हात जोडेल. दुकानदाराचं "हा व्होकलसाठी" इथपुरतं खरं आहे.

काळी_चार:
वायर सरळच निघाली. स्पीकर सध्या दोन स्टुलांवर आहेत आणि सोफा हात-सव्वाहात पुढे. मींड आता सरळ उतरते! मी काल तोच विलंबित चार वेळा लावला, नवरा उठून गेला. व्हायोलिनं पसरली म्हणतो, कॉन्ट्राबास अजून शेजारच्या खोलीत. लेकीचं घुमणं गेलं आणि त्याबरोबर तिचा बेसही गेला, ती नाराज आहे. मोठे उभे स्पीकर घ्यावेत का?

डग्गा:
उभे नको, तुमच्या खोलीत ४३ ला पुन्हा तेच होईल आणि त्यांची जागाही बदलता येणार नाही. हेच स्पीकर राहू द्या, एक बंद पेटीचा सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) घ्या, ८० हर्ट्झच्या खालचं त्याच्याकडे सोपवा. ख्यालाच्या वेळी त्याला फारसं कामच नाही, नकोसा वाटला तर बंद करा. जागा शोधायची रीत अशी: सबवूफर सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवायचा, बेसचं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे तो मुक्कामाला.

काळी_चार:
मैत्रिणीकडून चार दिवसांसाठी मिळतोय. रविवारी लेक रांगणार. व्हिडिओ काढायला सक्त मनाई आहे, आणि नवरा सकाळपासून दोन मोजे शोधतोय.