सोलो न जमलेल्यांची सोय?

‘चेंबर म्युझिक म्हणजे सोलो न जमलेल्यांची सोय’ असं कुणीतरी म्हटलं, ते काही पटलं नाही. (चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं पाश्चात्य अभिजात संगीत; सोलो म्हणजे एकट्याने वाजवणं.) अमेरिकेत व्हरमाँट राज्यातलं मार्लबोरो हे चेंबर म्युझिकचं उन्हाळी केंद्र बघा. 1951 साली पियानोवादक रुडॉल्फ सर्किन, व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश वगैरे मंडळींनी सुरू केलं. दर उन्हाळ्यात तिथे विशीतली पोरं मुरलेल्या वादकांच्या मांडीला मांडी लावून वाजवतात. तालमी हव्या तेवढ्या. बसवलेल्या बऱ्याचशा रचना मैफलीपर्यंत पोचतही नाहीत!

चौकडीत, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चार तंतुवाद्यांच्या क्वार्टेटमध्ये, इशारे देणारा कंडक्टर नसतो. पहिल्या व्हायोलिनवाल्याचा श्वास आणि गज बघून उचलायचं, चेलोच्या स्वराशी आपला स्वर जुळवायचा. खोलीत एकट्याने रियाज करून हे कसं येणार? ग्वारनेरी क्वार्टेट ही नावाजलेली चौकडी 1964 मध्ये मार्लबोरोतूनच पुढे आली. त्यांना ‘सोय’ म्हणणार का?